उघडे कर्सर कोणाचे?

दीपा मुनेश्वरला दिग्रसच्या शाळेत सगळे 'कोठूनबाई' म्हणत. कारण काय, तर हिला काहीही दाखवा, हिचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे आलं कोठून?" खडू कोठून आला, घंटा कोठून आली, मास्तरांच्या सदऱ्यावर पिवळा डाग कोठून आला. या शेवटच्या प्रश्नापायी तिनं हातावर पट्टीही खाल्ली. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी पट्टीची हकिगत ऐकली आणि पोटभर हसले. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात एकच नेम होता, विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. आता असा नेम घरात असल्यावर पोरगी दुसरी कशी निघणार?

बारावीनंतर ती यवतमाळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकली. बाकीच्या पोरी टायपिंगच्या मागे लागल्या होत्या आणि ही सरांना विचारी, "मी 'द' दाबला सर. पण पडद्यावर यायच्या आधी तो 'द' कुठं असतो?" सर बिचारे सज्जन होते. त्यांनी तिला कळफलकाच्या आतली पट्टी उघडून दाखवली, आणि नंतर ती पट्टी त्यांना परत बसवता येईना. ती दीपानंच बसवून दिली.

तर अशी ही दीपा दोन हजार चार साली आर्णी रोडवरच्या शेतकऱ्यांच्या जिनिंग संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली. संस्थेनं त्याच वर्षी तीन कॉम्प्युटर आणले होते. एक फाटकावर, एक काट्याच्या खोलीत आणि एक ऑफिसात. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिला नंबर मिळे, काट्यावर आली की वजन होई, आणि ऑफिसात पावती निघे. त्याआधी नंबराच्या चिठ्ठ्या हातानं लिहीत. मग काय विचारता! ज्याची कुणाशी ओळख त्याची गाडी पुढे, आणि झरी-जामणीकडून रात्रभर बैल हाकत आलेला माणूस दोन दिवस रस्त्यावर. मशीन आल्यावर ते थांबलं. लोक म्हणत, "याले ना साला, ना मेव्हणा. हे कोनाची गाडी पुढं लावन?" दीपाला हे ऐकून असं वाटे की कौतुक मशीनचं नाही, आपलंच चाललंय. तिचं काही चुकत नव्हतं.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं, आणि दोन हजार सहाच्या हंगामात मशीननं मान टाकायला सुरुवात केली.

हे रोज व्हायचं, दुपारी. सकाळी झकास सुरू होई. बाराच्या सुमारास तिन्ही पडदे एकदम थिजत आणि इंग्रजीत एक ओळ येई, की उघड्या कर्सरांची मर्यादा संपली आहे. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की चाले, पण त्यात तास-अर्धा तास जाई. तेवढ्यात फाटकावर गाड्यांची गर्दी होई, कोण आधी आलं कोण नंतर यावर आवाज चढत, आणि त्या गोंधळात व्यापाऱ्यांचे दोन-चार ट्रॅक्टर हळूच पुढे सरकत. म्हणजे ज्यासाठी मशीन आणलं तेच बोंबललं.

संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव. पांढरं धोतर, मोठा आवाज, मनानं वाईट नाहीत, पण फाटकावर चार माणसं ओरडू लागली की त्यांचा तोल जाई. चौथ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरी, हे तुयं मशीन रोज जेवाच्या टायमाले झोपते. सोमवारी मी सकाळपासून इथं बसतो. त्या दिवशी जर बंद पडलं, तर मंगळवारपासून पुन्हा चिठ्ठ्या. मंग ना मशीन, ना ऑपरेटर. मले सांगजो नको की सांगतलं नव्हतं."

दीपा "हो दादाजी" म्हणाली. ते गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि पडद्यावरची ती इंग्रजी ओळ पुन्हा वाचू लागली. तिला दुसरी नोकरी मिळाली नसती असं नाही. पण हे मशीन गेलं असतं, नंबर गेला असता, आणि आपल्याला ते का बंद पडत होतं हे कळलंच नसतं. खरं सांगायचं तर, या तिसऱ्या गोष्टीनं ती जास्त हैराण होती.

ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला ते लोक नागपूरचे. त्यांच्यातला अतुल फोनवर असायचा. आवाजावरून तरणा, बोलायला गोड. तो म्हणाला, "दीपाताई, टेन्शन नका घेऊ. मर्यादा तीनशेची आहे, मी वाढवून देतो." त्यानं वाढवली. दुसऱ्या दिवशी मशीन बाराऐवजी तीनला बंद पडलं. त्यानं अजून वाढवली. मग ते संध्याकाळी बंद पडलं, पण दुपारपासूनच असं रखडत चालू लागलं की बैलगाडी बरी.

"अतुलभाऊ," दीपा म्हणाली, "तुमी वाढवून राह्यले आन् ते भरून राह्यलं. पन भरते कायनं, हे पाहाले नको का? आन् दोन वर्षं चाललं, मंग आत्ताच काहून?"

"बरोबर आहे," अतुल लगेच म्हणाला. त्याला राग नाही आला. उलट हायसं वाटल्यासारखा बोलला. "मागच्या वर्षी गाड्याच कमी होत्या तुमच्याकडे. मर्यादेपर्यंत पोचतच नसेल. यंदा गाड्या जास्त, म्हणून पोचतं. कोणीतरी कर्सर उघडे ठेवून राहिलं आहे, आणि कोण काय दाबतं हे मला इथून दिसत नाही, ते तुम्हीच शोधू शकता. तुम्हाला कर्सर म्हणजे काय ते माहीत आहे का?"

दीपाला कर्सर म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी ती रेघ, एवढंच माहीत होतं. अतुल म्हणाला, ती वेगळी. "तुम्ही मशीनला प्रश्न विचारता ना, अमुक शेतकऱ्याची गाडी काढ म्हणून, तर मशीन आत जाऊन उत्तर शोधतं आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभं राहतं. ते बोट म्हणजे कर्सर. तुमचं काम झालं की त्याला सांगावं लागतं, की बाबा, काढ बोट. नाही सांगितलं तर ते तसंच उभं. पुढचा प्रश्न आला की दुसरं बोट. असं करता करता मशीनची बोटंच संपतात."

दीपाला हे इतकं आवडलं की ती क्षणभर सोमवार विसरली. "मंग कोन्या प्रश्नाचं बोट अडकलं हे दिसन का?"

"दिसेल ना. यादी निघते."

अतुलनं फोनवर एकेक अक्षर सांगितलं, तिनं टाइप केलं, आणि पडद्यावर उघड्या कर्सरांची यादी सरसर उतरली. शेकड्यानं ओळी! दीपा डोळे मोठे करून पाहत राहिली. पण दोन मिनिटांत तिचा चेहरा पडला. सगळ्या ओळी सारख्याच होत्या. शेतकऱ्याचं नाव काढ, गाव काढ, सभासद क्रमांक काढ, गाडीचा प्रकार काढ... आणि तिथं ओळ तुटलेली.

"अतुलभाऊ, हे तर सारेच एका मायचे लेकरं दिसून राह्यले."

अतुल हसला. "ती यादी प्रत्येक एसक्यूएलची, म्हणजे मशीनच्या भाषेतल्या प्रश्नाची, पहिली साठ अक्षरंच दाखवते. आणि आमच्या माणसानं प्रोग्राम लिहिताना तीच सुरुवात फाटकासाठी घेतली, काट्यासाठी घेतली, ऑफिससाठीही घेतली. आळशीपणा आमचा. त्यात तिन्ही कॉम्प्युटर आत जातात एकाच नावानं, त्यामुळे कोण आलं तेही कळत नाही. शेपूट बघितल्याशिवाय ओळख पटायची नाही."

"मंग शेपूट कोठून आनू?"

तर त्याचीही सोय होती. प्रत्येक उघड्या कर्सरजवळ एक लांबलचक आकडा असतो. त्या कर्सरचं मूळ एसक्यूएल, अगदी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, मशीनच्या पोटात दुसरीकडे ठेवलेलं असतं, तुकड्या-तुकड्यांनी, आणि त्या तुकड्यांवरही तोच आकडा. आकडा जुळवायचा, तुकडे क्रमानं जोडायचे, की पूर्ण प्रश्न हातात. दीपाला डेपोत वडिलांनी दाखवलेलं आठवलं, की इंजिनाखाली तेलाचा थेंब दिसला तर थेंब पुसत बसू नये, तो ज्या नळीवरून ओघळला ती नळी वर वर चाचपत जावं. ती म्हणाली, "जमते मले हे."

पहिल्या दिवशी नाही जमलं. तिला खात्री होती, की गडबड फाटकावरच असणार, कारण तिथं गर्दी. ती सकाळभर फाटकावर जाऊन बसली, प्रत्येक नंबर स्वतः दिला, प्रत्येक वेळी पडदा नीट बंद केला. आणि मशीन तरी दुपारी रखडलंच. सगळी मेहनत फुकट! मग शुक्रवारी ती मुकाट्यानं ऑफिसात बसली, आकडे जुळवले, तुकडे जोडले, आणि एकामागून एक शेपट्या वाचत गेली.

फाटकाच्या चार-पाच होत्या. ऑफिसच्या दोन. बाकी झाडून सगळ्या काट्याच्या! काट्यावरच्या वजनाच्या तक्त्यातून, अमुक सभासद क्रमांक, आजची तारीख. पुन्हा काटा, दुसरा क्रमांक. पुन्हा काटा. दीपानं टेबलावर हात मारला आणि "सापडलं!" म्हणून ओरडली. शिपाई धावत आला. त्याला वाटलं साप सापडला.

पण दुसऱ्याच क्षणी तिचं मन खट्टू झालं, कारण काट्यावर डोमाजी होते.

डोमाजी गावंडे जुने मापारी. तागडीच्या काळापासून संस्थेत. मोजताना 'एक' कधी म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत, मग दोन, मग तीन. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं म्हातारा नोकरी सोडेल, पण ते चष्मा पुसून पहिल्या बाकावर येऊन बसले आणि चार दिवसांत शिकले. दीपा नवीन होती तेव्हा तिला डब्यातली भाकर वाढणारे तेच. फाटकावरची माणसं "ही पोरगी काय सांगते?" म्हणाली की "थे सांगते तेच खरं" म्हणून गप्प करणारे तेच. आणि आता शेपूट त्यांच्याच खोलीत जात होतं.

शनिवारी सकाळी ती काट्याच्या खोलीत गेली आणि त्यांच्या मागे स्टुलावर बसली. "काय पाह्यते वं?" डोमाजींनी विचारलं. "काही नाही काका, पाहून राह्यली," ती म्हणाली.

गाडी काट्यावर आली. डोमाजींनी सभासद क्रमांक टाकला. पडद्यावर शेतकऱ्याचं नाव आलं, मोठ्या अक्षरांत. वजन आलं, साठवलं गेलं. पडद्याच्या तळाशी हिरव्या रंगाचं बटण होतं. काम झालं की ते दाबायचं, म्हणजे प्रोग्राम बोट काढून घेई. डोमाजींनी ते दाबलं नाही. त्यांनी करंगळीनं कळफलकाच्या कोपऱ्यातली मागे जायची कळ दाबली आणि पडदा मागच्या मागे निघून गेला. पुढची गाडी. पुन्हा तेच. दहा गाड्या झाल्या, वीस झाल्या, म्हाताऱ्यानं हिरव्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. वजन आधीच साठवलेलं असल्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. फक्त आत, प्रत्येक नावावर, मशीन बोट ठेवून उभं होतं.

"काका, खालचं बटन काहून नाही दाबत?"

"माउस अडकते."

दीपानं माउस हलवला. लोण्यासारखा चालत होता.

"मंग डोळ्याले नाही दिसत बरोबर."

"काल त्या ट्रॅक्टरच्या मांगचा नंबर तुमी इथून वाचला."

डोमाजींनी खिडकीतून पुढच्या गाडीला हात केला. दीपाच्या डोक्यात मग एक वाईट विचार आला, आणि एकदा आला तो निघेना. चिठ्ठ्या परत आल्या तर मापाऱ्याला पुन्हा मान येणार होता. मशीनच्या आधी याच म्हाताऱ्याच्या शब्दावर काटा चालत होता. आणि तिचं तोंड सुटलं.

"तुमालेच नको हाये हे मशीन! सांगा ना तसं! सोमवारी बंद पडलं की मी घरी, आन् तुमी पुन्हा काट्याचे राजे!"

बोलली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. डोमाजींनी चष्मा काढला. रागावले नाहीत. चिवड्याखाली पसरलेला पेपर त्यांनी ओढला, चिवडा झटकला आणि आतल्या पानावरच्या एका छोट्या चौकटीवर बोट ठेवलं. "वाच."

दीपानं वाचलं. त्या वर्षांत अशी चौकट रोज येई, आणि आमच्या जिल्ह्यातली माणसं ती न वाचता पान उलटायला शिकली होती. शेतकऱ्याने जीवन संपवले.

"आता तिकडं पाह्य," डोमाजी म्हणाले.

पडद्यावर वजन झालेल्या शेतकऱ्याचं नाव होतं, गाव होतं. आणि नावाखाली हिरव्या बटणावर लिहिलं होतं: 'संपवा'.

"मानूस बाहेर गाडीवर बसला हाये," डोमाजी म्हणाले. "जित्ता. मले हात दाखवून राह्यला. आन् हे मशीन मले म्हनते, त्याच्या नावावर बोट ठेव आन् संपवा. मी कसा दाबू बाप्पा? तूच सांग. कसा दाबू?"

दीपा पडद्याजवळ वाकली. तिनं ते बटण दोन वर्षं रोज पाहिलं होतं, रोज दाबलंही होतं. ऑफिसात तिच्यासमोर नुसती पावती असे. माणूस खिडकीबाहेर बसलेला नसे. शकुन-अपशकुनावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वडिलांच्या घरात मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळे. पण इथं शकुनाचा प्रश्न कुठं होता? माणसाच्या हाताला एक गोष्ट होत नव्हती, बस.

"माफ करा काका," ती म्हणाली. "मी तोंड सोडलं."

"तोंड हाये तर सुटनच," डोमाजी म्हणाले, आणि चिवड्याचा डबा तिच्याकडे सरकवला. "मंग, बंद पडते ते याच्यानंच का?"

"याच्यानंच."

"अरे मायबापा!" म्हातारा खरंच हादरला. "माया करंगळीनं? मले वाटलं वजन जमा झालं म्हंजे झालं!"

दीपानं त्याच खोलीतून अतुलला फोन लावला. सगळं सांगितलं. मग अतुल हळूच म्हणाला, "ते बटण मीच लिहिलं होतं, ताई. इंग्रजीत फिनिश होतं. मराठी करताना पटकन जे सुचलं ते लिहिलं." मग त्याचा कामाचा आवाज आला. "मागची कळ दाबली तरी कर्सर बंद व्हायला हवा, ती आमची चूक आहे. पण तो बदल करून, तपासून पाठवायला पंधरा दिवस लागतील. बटणावरचा शब्द मात्र एका तक्त्यात ठेवलेला आहे. तो आत्ता बदलता येतो. काय लिहू? 'बंद करा'?"

दीपानं डोमाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "मानसाच्या नावाखाली बंद कायले करतं? दुकान बंद करतो का आपन? दुकान वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी वाढवतो. तसं लिही. 'वाढवा'."

"अतुलभाऊ, 'वाढवा' लिहा."

"पुन्हा वाढवू? ताई, मेमरीच नाही आता. किती वाढवणार?"

"मर्यादा नाही ना बाबा! बटनावर! 'वाढवा' लिहा बटनावर!"

"काय वाढवा?"

डोमाजींनी फोन ओढून घेतला. "कोठचे हो तुमी? नागपूरचे? तुमच्या इतवारीत सांजच्याले व्यापारी काय म्हनते, दुकान संपवा म्हनते का?" पलीकडे अतुल इतका हसला की खोलीभर ऐकू आलं. दहा मिनिटांत हिरव्या बटणावर नवीन शब्द उमटला. डोमाजींनी पुढची गाडी घेतली, वजन केलं, माउस धरला, बटणावर नेला, आणि टक्कन दाबला. "हां! आता कसं!" ते खिडकीतून ओरडले, "वाढवलं रे भाऊ, ने गाडी!"

सोमवारी सदाशिवराव म्हणाल्याप्रमाणे सकाळीच येऊन ऑफिसाच्या दारात खुर्ची टाकून बसले. गाड्यांची रांग आर्णी रोडवर पुलापर्यंत गेली होती. दीपाचा एक डोळा पडद्यावर आणि एक यादीवर. अकरा वाजले. बारा वाजले. नेहमीची वेळ आली तेव्हा तिनं नकळत टेबलाची कड धरली. काट्याकडून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, "वाढवलं! पुढची आन!" यादीत एखादी ओळ येई आणि लगेच निघून जाई. तीन वाजता सदाशिवराव उठले, पडद्यापाशी आले, वाकून पाहिलं, जणू आत कोणी लपून बसलंय. "झोपलं नाही बा आज," म्हणाले. संध्याकाळी शेवटची गाडी गेली तेव्हा त्यांनी दोन चहा मागवले, एक स्वतःला आणि एक तिला, आणि म्हणाले, "राहू दे मशीन. तूबी राह्य. काय बिघडलं होतं पन?"

"एक शब्द चुकला होता, दादाजी."

"शब्दानं मशीन बंद पडते?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चहा पिऊन गेले.

मग अतुलचा फोन आला. त्याला दिवसाचा शेवटचा आकडा हवा होता. तिन्ही कॉम्प्युटरवरचं काम आटोपलेलं, म्हणजे यादी रिकामी असायला हवी. दीपानं यादी काढली.

"एक हाये," ती म्हणाली.

"एक? शून्य पाहिजे. चुकून राहिला असेल कोणाचा. काट्याचाच का?"

आता एकासाठी कोण एवढं करतं? पण आपली कोठूनबाई ती, राहवेल तर शपथ. तिनं आकडा जुळवला, तुकडे जोडले, शेपूट वाचलं. काटाच होता. सभासद क्रमांक घेऊन तिनं नाव काढलं. उकंडा नामदेव ढोके. वजन दुपारी एक वाजताचं.

तिला ती गाडी आठवली, कारण फाटकावर थोडी बोलाचाली झाली होती. गाडीवर एक बाई एकटीच होती, रुखमाबाई. कार्ड नवऱ्याचं होतं आणि ती म्हणाली होती, सातबाऱ्यावर अजून त्यायचंच नाव हाये, तलाठी म्हनते पुढच्या महिन्यात करतो.

अतुलला फोनवर थांबायला सांगून दीपा काट्याच्या खोलीकडे गेली. डोमाजी खिडकी लावत होते.

"काका, एक गाडी राह्यली तुमची. उकंडा ढोके."

डोमाजींचा हात खिडकीच्या कडीवर तसाच राहिला. नंतर ते स्टुलावर बसले.

"मशीन आलं त्या पह्यल्या हंगामातली गोष्ट," ते म्हणाले. "मी तवा बराबर बटन दाबत होतो. तुमी शिकवलं तसं. उकंडा या खिडकीत आला, त्याले पडद्यावर आपलं नाव पाहाचं होतं. लय हसला. म्हने, काका, मायं नाव टीव्हीत आलं. मंग खालचं वाचलं त्यानं. म्हने, दाबा काका, संपवा. गंमतीनं म्हने. मीबी हसलो. दाबलं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आठ-दहा दिवसानं पेपरात आला. तोच शब्द. तवापासून नाही दाबलं कोनाच्याच नावावर."

अर्धवट राहिलेली खिडकी दीपानं लावली.

"मले कळते वं," डोमाजी म्हणाले. "बटनानं मानूस मरत नाही. तुया बापानं जे सांगतलं असन ते मीबी मानतो. आज शब्दबी चांगला होता. साऱ्यायचं दाबलं. पन त्याचं नाव आलं, आन् खिडकीत रुखमा उभी. नाही गेलं बोट. उद्या दाबतो म्हन त्या साहेबाले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. ती परत ऑफिसात आली. फोन उघडाच होता, अतुल थांबलेला.

"सापडलं का ताई, कशामुळे राहिला?"

"सापडलं. चुकून नाही राह्यला." तिनं यादीतली ती ओळ पुन्हा वाचली. "अतुलभाऊ, एक उघडा राह्यला तर काही बिघडते का?"

"एकानं? छे. एकानं काय होतं."

"मंग राहू द्या."

"बरं ताई," म्हणून अतुलनं फोन ठेवला. ती रोज संध्याकाळी मशीन स्वतःच्या हातानं बंद करून जाई. बंद केलं की उघडं असेल नसेल ते सगळं मिटे. त्या वर्षी लोडशेडिंग जबर होतं. रात्री कधीतरी लाइन जाणार आणि मशीन आपोआप बंद पडणार हे तिला चांगलं माहीत होतं. आज तिनं मशीनला हात लावला नाही. फक्त दिवा मालवला, पडदा तसाच चालू ठेवला, आणि दाराला कुलूप लावून ती बस स्टँडकडे चालू लागली.